सॉल्व्हरने शोधावं, कर्नलने तपासावं: सिद्धताप्रणालीला स्वयंचलित तर्क जोडण्याची पद्धत

८०५१ चे अवयव शोधायला बसलं तर वेळ जातो. ते ८३ आणि ९७ आहेत असं कुणी सांगितलं, तर खात्री करायला एक गुणाकार पुरतो. सांगणाऱ्याने ते डोक्याने काढले, यंत्राने काढले की निव्वळ अंदाजाने, याच्याशी त्या गुणाकाराला काही देणंघेणं नसतं. शोधणं महाग आणि तपासणं स्वस्त. आकारिक सिद्धताप्रणालीला स्वयंचलित तर्कपद्धती जोडताना घ्यायचा जवळजवळ प्रत्येक निर्णय याच असमतोलातून निघतो.

एका बाजूला इसाबेल, लीन, एचओएल लाइट आणि रॉक (२०२५ पर्यंत याचं नाव कॉक होतं) असे प्रूफ असिस्टंट, म्हणजे माणसाने लिहिलेली सिद्धता यंत्राकडून तपासून घेणाऱ्या प्रणाली आहेत. इसाबेल आणि एचओएल लाइट हे रॉबिन मिल्नर यांनी १९७० च्या दशकात एलसीएफ प्रणालीत वापरलेल्या युक्तीवर चालतात. त्यात ‘प्रमेय’ हा एक बंदिस्त टाइप (वस्तूंचा प्रकार) असतो आणि त्या टाइपची वस्तू घडवण्याचा अधिकार फक्त मोजक्या अनुमान-नियमांना असतो. लीन आणि रॉक सिद्धतेचं अख्खं पद तयार करून त्याचा टाइप तपासतात. मार्ग वेगळे असले तरी दोन्हीकडे शेवटचा शब्द एका छोट्या कर्नलचा, म्हणजे सिद्धतेची प्रत्येक पायरी तपासणाऱ्या गाभ्याचा. एचओएल लाइटचा कर्नल तर काहीशे ओळींचा आहे.

दुसऱ्या बाजूला कॅडिकलसारखे सॅट सॉल्व्हर (खऱ्या-खोट्या चलांच्या सूत्राला समाधान आहे का ते शोधणारे), झेड३ आणि सीव्हीसी५ हे एसएमटी सॉल्व्हर (त्यासोबत अंकगणितासारखे विषयही हाताळणारे), ई आणि व्हॅम्पायर हे प्रथमक्रम तर्काचे (‘प्रत्येक’, ‘काही’ असलेल्या विधानांचे) प्रूव्हर. लाखो क्लॉज (‘किंवा’ने जोडलेल्या अटी) असलेलं सूत्र ते कित्येकदा मिनिटांत निकाली काढतात. पण त्यांचा कोड प्रचंड मोठा, वेगासाठी पिळून काढलेला, आणि त्यात चुका असतात. २०२० च्या सुमारास संशोधकांनी यादृच्छिक सूत्रांचा मारा करून झेड३ आणि सीव्हीसी४ (सीव्हीसी५ ची आधीची पिढी) मध्ये शेकडो दोष शोधले. समाधान असलेल्या सूत्राला ‘समाधान नाही’ म्हणणारे दोषही त्यांत होते. म्हणून सॉल्व्हरचं नुसतं ‘हो’ घेऊन चालत नाही. त्याच्याकडून तपासता येईल असा पुरावा मागून घ्यायचा. त्याला मी पुढे दाखला म्हणेन.

एखाद्या प्रूफ असिस्टंटमध्ये चार-दोन सिद्धता लिहिलेल्या असतील, तर खालच्या पायऱ्या थेट वापरता येतील.

पहिली पायरी: साध्य कोणत्या वर्गातलं आहे ते ओळखा

शाळेतल्या भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता असे तीन मथळे असायचे. तेच शब्द इथे पुरतात: हाती असलेली गृहीतकं म्हणजे पक्ष, दाखवायचं विधान म्हणजे साध्य. टॅक्टिक (सिद्धता पुढे नेणारी आज्ञा) निवडण्याआधी साध्याकडे पाहून एकच प्रश्न विचारा: या प्रकारच्या विधानांसाठी निर्णयपद्धती, म्हणजे नेहमी ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगून थांबणारी रीत, आहे का?

फक्त खरं-खोटं अशी चलं असतील तर ते सॅटचं काम. स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये हा प्रश्न एनपी-पूर्ण (झटपट सोडवण्याची सर्वसाधारण रीत माहीत नसलेल्यांपैकी) असल्याचं दाखवलं, तरी व्यवहारात येणारी बहुतेक सूत्रं सुटतात. ३२ किंवा ६४ बिटांच्या ठरावीक रुंदीच्या संख्या असतील, तर प्रत्येक बिटाला एक चल देऊन प्रश्न पुन्हा सॅटवरच आणता येतो. लीनमधलं ‘बीव्ही_डिसाइड’ हेच करतं. चलांचा चलांशी गुणाकार नसलेली पूर्णांकांची विधानं प्रेसबर्गर अंकगणितात येतात. ते निर्णेय आहे हे १९२९ पासून माहीत आहे. त्यासाठी लीनमध्ये ‘ओमेगा’, रॉकमध्ये ‘लिआ’. परिमेय किंवा वास्तव संख्यांच्या रेषीय असमानतांसाठी ‘लिनारिथ’. बहुपदींच्या समानतेसाठी ‘रिंग’. अर्थ न दिलेली फलनं आणि समानता एवढंच असेल, तर कॉन्ग्रुअन्स क्लोजर (समान वस्तूंवर तेच फलन लावलं की उत्तरंही समान, हा नियम पसरवत नेणारी पद्धत).

यांची मिसळ झाली तरी घाबरायचं कारण नाही. ग्रेग नेल्सन आणि डेरेक ओपन यांनी १९७९ मध्ये वेगवेगळ्या निर्णयपद्धती एकमेकींना फक्त समानता कळवत एकत्र कशा चालतील ते दाखवलं. आजच्या एसएमटी सॉल्व्हरांची घडण त्याच कुळातली.

मर्यादाही माहीत हव्यात. पूर्णांकांवर गुणाकार आला की सामान्य निर्णयपद्धती असूच शकत नाही, हे मातियासेविच यांच्या १९७० च्या निकालाने पक्कं झालं. वास्तव संख्यांवर बहुपदी असमानता तत्त्वतः निर्णेय आहेत, पण महाग. सर्वसाधारण प्रथमक्रम तर्कात विधान वैध असेल तर सिद्धता कधी ना कधी सापडेल, नसेल तर शोध थांबेलच असं नाही. चर्च आणि ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच हे दाखवून ठेवलं आहे. म्हणजे वेळमर्यादा संपली याचा अर्थ ‘विधान खोटं’ असा कधीच घ्यायचा नाही.

इथे एक फसवी जागा आहे. २प = २फ + १ या पक्षातून विरोधाभास काढायचा आहे, प आणि फ पूर्णांक. ‘लिनारिथ’ लावलं तर ते अडकतं, कारण परिमेय संख्यांमध्ये या समीकरणाला खुशाल उत्तरं आहेत (प = १/२, फ = ०). ‘ओमेगा’ लगेच सोडवतं, कारण ते विभाज्यतेचा विचार करतं. साध्याचा वर्ग ओळखताना संख्या कुठल्या आहेत हे आधी पाहा. लीनमध्ये नैसर्गिक संख्यांची वजाबाकी शून्यावर अडते, ३ − ५ म्हणजे ०. हे विसरून लिहिलेली विधानं दिसायला निरागस आणि प्रत्यक्षात खोटी असतात.

दुसरी पायरी: विधान खोटं तर नाही ना?

ही पायरी सगळेच गाळतात. सिद्धता शोधायला यंत्र लावण्याआधी प्रतिउदाहरण शोधायला लावा. इसाबेलमध्ये ‘क्विकचेक’ यादृच्छिक किमती टाकून पाहतं, ‘निटपिक’ सॅट सॉल्व्हर वापरून छोटी सांत प्रतिमानं शोधतं. लीनमध्ये त्या कामाला ‘प्लॉझिबल’ आहे. काही सेकंदांचं काम असतं. आणि विसरलेला पक्ष (‘यादी रिकामी नाही’, ‘न शून्य नाही’) बहुतेक वेळा इथेच उघडा पडतो.

तिसरी पायरी: जोडणीचा मार्ग निवडा

मार्ग तीन आहेत, आणि त्यांतला फरक कुणावर विश्वास ठेवायचा एवढाच.

पहिला, सॉल्व्हरला साक्षीदार मानणं: त्याने ‘सिद्ध’ म्हटलं की कर्नलने प्रमेय मान्य करायचं. लिहायला सोपा, वेगवान, आणि कर्नल छोटा ठेवण्याचा सगळा खटाटोप एका फटक्यात वाया घालवणारा. कच्च्या आराखड्यात चालेल. अंतिम सिद्धतेत नको.

दुसरा, दाखल्याचा मार्ग. सॉल्व्हर बाहेर हवा तसा धावतो, परत येताना दाखला आणतो, आणि प्रूफ असिस्टंटमधला छोटा तपासनीस त्या दाखल्याचं कर्नलच्या नियमांत रूपांतर करतो. सॉल्व्हरमध्ये दोष असला तर फार तर दाखला नापास होईल, खोटं प्रमेय आत येणार नाही.

तिसरा, प्रतिबिंबन: निर्णयपद्धती प्रूफ असिस्टंटच्या भाषेतच लिहायची, ती बरोबर आहे हे एकदा सिद्ध करायचं, आणि मग ती कर्नलच्या गणनयंत्रावर चालवायची. जॉर्ज गोंतिए यांनी २००५ मध्ये चार रंगांच्या प्रमेयाची कॉकमध्ये जी सिद्धता पूर्ण केली, तिच्यात ६३३ आकृतिबंधांची तपासणी याच पद्धतीने झाली. एरवी प्रत्येक आकृतिबंधाची सिद्धता पायरी-पायरीने लिहून ठेवावी लागली असती, आणि ते पद मेमरीत मावलंच नसतं.

मोठ्या कामात दुसरा आणि तिसरा यांचं मिश्रण करायचं: शोध बाहेरच्या सॉल्व्हरकडे, दाखल्याचा तपासनीस मात्र सिद्ध केलेला आणि आत चालणारा. ‘बीव्ही_डिसाइड’ची रचना नेमकी अशीच आहे. कॅडिकल उत्तर शोधतो आणि एलरॅट स्वरूपात दाखला देतो, तो तपासणारा कोड लीनमध्ये लिहिलेला आणि लीनमध्येच सिद्ध केलेला आहे. वेगासाठी तो तपासनीस संकलित (कंपाइल) करून चालवला जातो, त्यामुळे विश्वासाच्या यादीत लीनचा संकलकही येतो. ही किंमत मान्य आहे का, ते ज्याचं त्याने ठरवावं. बिटांच्या रोजच्या साध्यांसाठी मला ती मान्य आहे.

चौथी पायरी: भाषांतर, आणि त्यातला धोका

चुका होतात त्या बहुतेक इथे, म्हणून इथे थोडं थांबू.

सॉल्व्हरला साध्य तसंच देत नाहीत. पक्ष अधिक साध्याचा नकार असं सूत्र बनवतात आणि त्याला समाधान आहे का असं विचारतात. ‘नाही’ हे उत्तर आपल्या फायद्याचं. (रचनात्मक तर्कात काम करत असाल तर इथेच सावध व्हा. विरोधाभासाने सिद्ध करण्याची मोकळीक निर्णेय विधानांपुरतीच मिळते, त्यापुढे वर्जित-मध्यम (विधान किंवा त्याचा नकार, यांतलं एक खरं असतंच हा नियम) स्वीकारावा लागतो.)

ठोस उदाहरण घेऊ. १ ते न या संख्या लाल किंवा निळ्या रंगवायच्या. अट अशी की अ² + ब² = क² असं पायथागोरसचं कुठलंही त्रिकूट पूर्ण एका रंगाचं होता कामा नये. मरेन ह्यूल, ऑलिव्हर कुलमन आणि व्हिक्टर मारेक यांनी २०१६ मध्ये दाखवलं की ७८२४ पर्यंत असं रंगवता येतं, ७८२५ पर्यंत येत नाही. स्टँपीड महासंगणकाचे ८०० कोअर सुमारे दोन दिवस चालले आणि दाखला झाला २०० टेराबाइटच्या आसपास.

भाषांतर मात्र पोरखेळ आहे. प्रत्येक संख्येला एक चल, खरं म्हणजे लाल. प्रत्येक त्रिकुटासाठी दोन क्लॉज. ३, ४, ५ साठी:

च३ ∨ च४ ∨ च५
¬च३ ∨ ¬च४ ∨ ¬च५

आता स्वतःला विचारा: सॉल्व्हरने ‘समाधान नाही’ म्हटलं आणि दाखला तपासला गेला, तर नेमकं काय सिद्ध झालं? फक्त एवढंच, की या फायलीतल्या क्लॉजना एकत्र समाधान नाही. रंगांबद्दलचं प्रमेय मिळवायला एक पूल बांधावा लागतो आणि तो प्रूफ असिस्टंटमध्येच बांधावा लागतो: ‘जर योग्य रंगवणी असेल, तर ती या सूत्राला समाधान देते.’

हा पूल एकाच दिशेचा आहे, आणि त्यातून चुकांचं एक उपयोगी वर्गीकरण मिळतं. भाषांतरात एखादा क्लॉज गळला, तर सूत्र ढिलं होतं. त्यालाही समाधान नसेल तर प्रमेय पक्कंच, समाधान निघालं तर आपलं काम फसलं, पण खोटं काही सिद्ध झालं नाही. उलट एक जरी क्लॉज जादा शिरला, तर ‘समाधान नाही’ या उत्तराला कवडीचीही किंमत उरत नाही. म्हणून जे काही क्लॉज वाढवतं त्यावर बारीक लक्ष ठेवा.

यातला नेहमीचा संशयित म्हणजे सममितीचा वापर. लाल-निळा अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही, म्हणून एका संख्येला लालच रंग देऊन टाकला की शोध निम्मा होतो. पण ‘म्हणून’ या शब्दात एक लेम्मा (मदतीचं छोटं प्रमेय) दडला आहे, तो सिद्ध करायलाच हवा. ‘सर्वसाधारणता न गमावता’ हे वहीत लिहिणं सोपं, कर्नलला मात्र ती अदलाबदल प्रत्यक्ष द्यावी लागते. प्रतलावर कुठलेही तीन एका रेषेत नसलेले ३० बिंदू घेतले तर त्यांत रिकामा बहिर्वक्र षट्कोन सापडतोच, हा ह्यूल आणि मान्फ्रेड शॉयखर यांचा निकालही सॅटवर उभा आहे. २०२४ मध्ये लीनमध्ये नेमका हा पूल औपचारिकपणे बांधला गेला: बिंदूंच्या भूमितीपासून बूलीय सूत्रापर्यंत, सममितीच्या युक्तिवादासकट.

दुसरा संशयित म्हणजे टाइप पुसणं. प्रूफ असिस्टंटमध्ये प्रत्येक चलाला टाइप असतो, अनेक प्रूव्हरांना टाइप कळत नाहीत, म्हणून भाषांतरात ते गाळण्याचा मोह होतो. समजा दोनच घटक असलेला एक टाइप आहे आणि त्याबद्दल लेम्मा आहे: ‘प्रत्येक क्ष साठी, क्ष = डावा किंवा क्ष = उजवा’. टाइप पुसले की हे वाक्य विश्वातल्या प्रत्येक वस्तूबद्दल बोलू लागतं. मग ०, १ आणि २ यांतल्या किमान दोन समान ठरतात, आणि त्यानंतर काहीही सिद्ध होतं. प्रूव्हर आनंदाने ‘सिद्ध’ म्हणतो. आणि खोटा आत्मविश्वास एवढंच नुकसान नाही. असा एक लेम्मा निवडीत आला, की प्रत्येक साध्याला तोच फुकटचा रस्ता सापडतो आणि खरी सिद्धता शोधलीच जात नाही. उपाय म्हणजे जिथे धोका आहे तिथे टाइपची माहिती पदांत गुंफणं. चांगली साधनं हे स्वतः करतात. स्वतःचं साधन लिहीत असाल तर ही चाचणी पहिल्या दिवशीच घाला.

उच्चक्रम तर्कातली लॅम्डा पदं (नाव न दिलेली फलनं), टाइपवर अवलंबून असलेले टाइप आणि आगमनाचे (इंडक्शनचे) नियम यांचं प्रथमक्रमात नीट भाषांतर होत नाही, काही ना काही हरवतं. हरवणं चालतं. वाढणं चालत नाही.

पाचवी पायरी: दाखला हाताने तपासून पाहा

कुठलंही साधन लावण्याआधी एक दाखला कागदावर तपासा. पाच क्लॉज घ्या:

१: क ∨ ख
२: ¬क ∨ ग
३: ¬ख ∨ ग
४: ¬ग ∨ घ
५: ¬ग ∨ ¬घ

सॉल्व्हर म्हणतो समाधान नाही, आणि एलरॅटच्या धर्तीवर दोन ओळींचा दाखला देतो:

६: ¬ग, आधार ४, ५
७: रिकामा क्लॉज, आधार ६, २, ३, १

तपासनिसाचं काम पाहा. ओळ ६ चा नकार माना, म्हणजे ग खरं. मग ४ मधून घ खरं आलं पाहिजे, आणि ५ पूर्ण खोटा पडतो. विरोधाभास, म्हणून ६ मान्य. ओळ ७: ६ मुळे ग खोटं, २ मुळे क खोटं, ३ मुळे ख खोटं, आणि १ मध्ये काहीच उरत नाही. रिकामा क्लॉज मिळाला, काम संपलं. तपासनिसाने काहीही शोधलं नाही, अंदाज केला नाही, मागे फिरला नाही. आधारांचा क्रमही दाखल्यानेच दिला. म्हणूनच असा तपासनीस छोटा असतो आणि त्याच्या बरोबर असण्याची सिद्धता देणं आवाक्यातलं असतं.

ड्रॅट हे याचंच भावंड असलेलं स्वरूप. त्यात आधारांचे आकडे नसतात, तपासनिसाला ते स्वतः शोधावे लागतात. सॉल्व्हरला लिहायला सोपं, तपासायला जड. सर्वसाधारण व्यवहार असा, की सॉल्व्हरकडून ड्रॅट घ्यायचं, मध्ये एका अविश्वासू पण वेगवान साधनाने त्याचं एलरॅट करायचं, आणि सिद्ध केलेल्या तपासनिसाला फक्त एलरॅट द्यायचं. मधलं साधन चुकलं तरी बिघडत नाही. या दोन्ही स्वरूपांत पूर्वीच्या क्लॉजमधून न निघणारा, पण समाधान असणं-नसणं न बदलणारा क्लॉज घालण्याचीही सोय आहे. नवीन व्याख्या आणि काही सममित्या तिथून आत येतात.

अंकगणितात दाखला आणखी देखणा. प आणि फ वास्तव संख्या, आणि पक्ष असे:

अ: २प + ३फ ≥ २०
आ: प + फ ≤ ७
इ: फ ≤ ५

हे तिन्ही एकत्र खरे असू शकत नाहीत. दाखला म्हणजे तीन आकडे: १, २, १. अ ला १ ने, आ ला २ ने, इ ला १ ने गुणून बेरीज करा. आ आणि इ मधून २प + ३फ ≤ १९, आणि अ म्हणतो २० ≤ २प + ३फ. म्हणजे २० ≤ १९. रेषीय असमानता विसंगत असतील तर असे अऋण गुणक नेहमी असतात, हे फारकाशचं प्रमेय. ते शोधायला सिम्प्लेक्स (रेषीय असमानता सोडवण्याची रीत) लागतो, तोही दशांश चिन्हांच्या कच्च्या गणितावर चालवला तरी चालतो. मिळालेले आकडे अपूर्णांकांत बदलून अचूक गुणाकार केला की झालं. टॉमस हेल्स यांच्या फ्लायस्पेक प्रकल्पात केप्लरच्या गोलरचनेच्या अनुमानाची सिद्धता २०१४ मध्ये पूर्ण झाली. त्यातली हजारो रेषीय गणितं अशाच दाखल्यांनी एचओएल लाइटच्या आत आली.

अ² + ब² + क² ≥ अब + बक + कअ यासारख्या असमानतेचा दाखला म्हणजे वर्गांची बेरीज: दोन्ही बाजूंतला फरक हा (अ−ब)², (ब−क)² आणि (क−अ)² यांच्या बेरजेचा निम्मा. लीनमध्ये ‘एनलिनारिथ’ अडलं तर त्याला हे वर्ग अऋण असल्याचे लेम्मे सूचना म्हणून द्या. शंभरातले बरेच अडथळे एवढ्यानेच सुटतात, आणि ‘माझं टॅक्टिक कमकुवत आहे’ ही तक्रार बंद होते.

सहावी पायरी: लेम्मा निवडीचं काम हॅमरवर सोपवा

लीनच्या मॅथलिब या ग्रंथालयात दोन लाखांहून अधिक प्रमेयं आहेत. सगळी पक्ष म्हणून दिली तर कुठलाही प्रूव्हर गुदमरेल. इसाबेलमधलं स्लेजहॅमर (केंब्रिजमध्ये लॉरेन्स पॉल्सन यांच्या गटाने सुरू केलेलं) आधी साध्याशी संबंधित वाटणारे काहीशे लेम्मे निवडतं, त्यांचं भाषांतर करून ई, व्हॅम्पायर, सीव्हीसी५, झेड३ अशा अनेकांना एकाच वेळी देतं, आणि कुणाला यश आलं की एक ओळ हातात ठेवतं: मेटिस आणि पाच-सहा लेम्म्यांची नावं.

इथला दाखला म्हणजे निव्वळ ती नावांची यादी. बाहेरच्या प्रूव्हरची सिद्धता बहुधा फेकूनच दिली जाते. कर्नलच्या नियमांतून चालणारा छोटा मेटिस या मोजक्या लेम्म्यांवरून सिद्धता पुन्हा स्वतः शोधतो. भाषांतर सदोष असतं तर मेटिस अपयशी ठरला असता, एवढंच.

वापरताना दोन गोष्टी पाळा. एक, साध्य लहान करून द्या. मोठ्या प्रमेयावर हॅमर चालवून नशीब अजमावण्यापेक्षा मधली विधानं स्वतः लिहा आणि प्रत्येक फटीत हॅमर चालवा. दोन, मूळ वेळमर्यादा ३० सेकंदांची असते, ती वाढवून फारसं हाती लागत नाही. तेवढ्यात न सुटलेलं साध्य पाच मिनिटांतही सहसा सुटत नाही. हरवलेला लेम्मा शोधा किंवा साध्य फोडा.

सातवी पायरी: सापडलेलं टिकवून ठेवा

शोध वारंवार चालवणारी सिद्धता नाजूक असते. सॉल्व्हरची आवृत्ती बदलली, ग्रंथालयात एक लेम्मा वाढला, किंवा यंत्र संथ निघालं, की कालची हिरवी सिद्धता आज लाल. म्हणून शोध एकदा करा आणि निकाल फायलीत लिहा. स्लेजहॅमरची ओळ फायलीत जाते, स्लेजहॅमर नाही. लीनमध्ये ‘सिम्प?’ विचारलं की वापरलेल्या लेम्म्यांची यादी मिळते, ती ‘सिम्प ओन्ली’ म्हणून चिकटवा. ‘बीव्ही_डिसाइड’चा एलरॅट दाखला फायलीत साठवून ‘बीव्ही_चेक’ने तपासता येतो. दाखला फार मोठा असेल तर त्याला मूळ कोडाच्या भांडारात ठेवू नका. वेगळा ठेवा आणि तो पुन्हा कसा निर्माण करायचा ती आज्ञा लिहून ठेवा.

आठवी पायरी: विश्वासाचा हिशोब मांडा

प्रमेय पूर्ण झाल्यावर ते कशाकशावर उभं आहे हे यंत्रालाच विचारा. लीनमध्ये ‘प्रिंट ॲक्सिअम्स’, रॉकमध्ये ‘प्रिंट अझम्प्शन्स’, इसाबेलमध्ये ‘थम_ओरॅकल्स’. लीनच्या नेहमीच्या प्रमेयात विधानांची सममूल्यता, निवड आणि भागफल-टाइप (क्वोशंट) अशी तीन स्वयंसिद्धं दिसतात. चौथं काही दिसलं तर ते कुठून आलं ते शोधा. कधी एखाद्या कोपऱ्यात विसरलेलं ‘सॉरी’ (अपुऱ्या सिद्धतेच्या जागी लिहायचा शब्द) निघतं, कधी संकलकावर विसंबणारं ‘नेटिव्ह_डिसाइड’.

यंत्र न सांगणारी बाबही एक आहे: विधान. व्याख्या चुकली असेल तर कर्नल त्या चुकीच्या विधानाची निर्दोष सिद्धता तपासून देईल. अंतिम विधान आणि त्यातल्या व्याख्या दुसऱ्या माणसाला वाचायला द्या. सिद्धता वाचायला देऊ नका, तो वेळ वाया जातो.

अडकलात तर

आगमन लागणारं साध्य हॅमरला थेट देऊ नका. यादी उलटवण्याचं, संचयक (आतापर्यंतचा निकाल साठवणारं चल) वापरणारं फलन घ्या: उ(य, स) हे य च्या घटकांना एकेक करून स वर ठेवतं. ‘उ(य, रिकामी) म्हणजे य ची उलट यादी’ हे साध्य आगमनाने सुटत नाही, कारण आगमनाच्या पायरीत संचयक रिकामा राहत नाही. ‘कुठल्याही स साठी, उ(य, स) म्हणजे य ची उलट यादी जोड स’ असं सामान्य विधान माणसाने सुचवायचं, आगमन माणसाने लावायचं, मग उरलेली दोन्ही प्रकरणं यंत्र चुटकीसरशी मिटवतं.

एसएमटी सॉल्व्हर संख्यापकांवर (‘प्रत्येक’, ‘काही’ यांवर) अनंतकाळ फिरत असेल, तर जोडी जुळवण्याचं चक्र तपासा. ‘प्रत्येक न साठी फ(न) < फ(ग(न))’ हा पक्ष फ(न) दिसेल तिथे लागू होणारा असेल, तर फ(अ) वरून फ(ग(अ)), त्यावरून फ(ग(ग(अ))), आणि पुढे तसंच. जुळणीचा नमुना फ(ग(न)) असा घट्ट केला की चक्र थांबतं. किंवा हवी ती किंमत तुम्हीच भरून द्या.

आणि छोटं दिसणारं सूत्र सॅट सॉल्व्हरकडून सुटतच नसेल, तर त्यात कबुतरखान्याचा युक्तिवाद लपला आहे का पाहा. न + १ वस्तू न खणांत एकेक करून मावत नाहीत हे आपल्याला उघड वाटतं, पण आर्मिन हाकेन यांनी १९८५ मध्ये दाखवलं की रेझोल्यूशनच्या (दोन क्लॉजमधलं परस्परविरोधी चल गाळून तिसरा क्लॉज काढण्याच्या) नियमाने त्याची सिद्धता घातांकी लांबीचीच होते, आणि नेहमीच्या सॅट सॉल्व्हरचा शोध मुळात रेझोल्यूशनच आहे. अशा वेळी कोअर वाढवून काही होत नाही. मोजणीचा भाग प्रूफ असिस्टंटमध्ये लेम्मा म्हणून हाताने सिद्ध करा, त्यातून मिळालेली मर्यादा रेषीय असमानता म्हणून पक्षात घाला, आणि उरलेलं सूत्र पुन्हा सॉल्व्हरला द्या.